ओल्या सावलीत काय लावायचं: आगराचा जुना हिशोब

मृग जवळ आला की एक प्रश्न दरवर्षी ठरलेला. घराच्या मागे, विहिरीपाशी, नाहीतर मोठ्या झाडाखाली एक तुकडा असतो. ऊन येत नाही, ओल हटत नाही. तिथे काय लावू? अळू लाव, असं एका शब्दात सांगून मोकळं होता येतं. पण खरं सांगायचं तर ह्या एका प्रश्नावर राज्यं उभी राहिली, लढाया झाल्या, अख्खं बेट माणसांनी रिकामं झालं. म्हणून आज जरा इतिहास लिहितो. लांबलाय, पण सवडीने वाचा.

देशावरच्या माणसाला सावलीची जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन वाटते. त्यांचं बरोबरच आहे. ज्वारी, बाजरी, कापूस, तूर ही सगळी उन्हाची पिकं. बांधावरच्या आंब्याची सावली दोन सऱ्यांवर पडली तरी भावाभावांत भांडण होतं. आमच्याकडे समुद्रकाठाला गोष्ट उलटी. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, गुहागर, खाली वेंगुर्ल्यापर्यंत जी आगरं नि वाड्या आहेत, तिथे वरती माड नि पोफळी आणि खाली ओली सावली. वाडीची किंमत करायची तर शहाणा माणूस वर बघत नाही, खाली बघतो. खाली काय उभं आहे? नुसता पातेरा पडलाय की मिरी, जायफळ, केळ, पानवेल उभी आहे? इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये श्रीवर्धनच्या सुपारीची वेगळी नोंद आहे, रोठा सुपारीचं नाव आजही बाजारात चालतं. पण नुसत्या सुपारीवर घर चाललं असं आमच्या भागात क्वचितच झालं असेल. सुपारी वर्षाला एकदा पैसे देते. मधले महिने खालच्या सावलीने काढायचे असतात.

ही जोडणी किती जुनी? शाळेत आमचे संस्कृतचे गुरुजी होते. त्यांनी एकदा सांगितलं होतं की कालिदासाच्या रघुवंशात, इंदुमतीच्या स्वयंवराच्या भागात, दक्षिणेकडच्या मलय प्रदेशाचं वर्णन येतं आणि तिथे पोफळीला पानवेल वेढलेली दाखवली आहे. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, माझं लक्ष तासाच्या घंटेकडे. आता वाटतं की ही कवीची कल्पना नव्हे, हा पीक पद्धतीचा पुरावा आहे. पोफळीला डोक्यावर ऊन लागतं, पानवेलीला अंगावर ऊन नको. एकीचं खोड दुसरीचा आधार. आज दीड हजार वर्षांनीही हाच मांडव आमच्या वाडीत उभा आहे.

आता गंमत बघा. जिथे सावली नाही तिथल्या लोकांनी ती बनवली. सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यात आरग, बेडग, नरवाड ही पानमळ्यांची गावं. विदर्भात रामटेक आणि अंजनगाव सुर्जीकडचे बारी लोक पिढ्यानपिढ्या पानमळे करत आले. तिथे ऊन भाजून काढतं, पाऊस बेताचा. मग ते आधी शेवरी, हादगा, पांगारा, शेवगा पेरतात. ही झाडं डोक्याएवढी झाली की मग वेल लावायची. म्हणजे आधी सावली पेरायची, मग पीक. चारी बाजूंनी ताट्या बांधून वारा अडवायचा, रोज थोडं पाणी द्यायचं आणि आत जी हवा तयार होते ती थेट कोकणातली. ज्यांना वाटतं की सावली ही नशिबाने मिळालेली अडचण आहे, त्यांनी एकदा पानमळ्यात जाऊन यावं. तिथे सावली हे केलेलं काम आहे.

पानमळ्यात जाताना चप्पल बाहेर काढायची, ही जुनी रीत. लोक म्हणतात वेल देवाची, विटाळ चालत नाही. मी म्हणतो आपल्या जुन्या माणसांनी रोगाचं कारण ओळखलं होतं, फक्त नाव वेगळं ठेवलं. पानवेलीची मर ज्या बुरशीने होते, ती फायटोप्थोरा मातीतून आणि पाण्यातून पसरते. एका मळ्याचा चिखल चपलेला लागून दुसऱ्या मळ्यात गेला की मर सुरू. अनवाणी पायालाही माती लागतेच, पण चपलेच्या तळाइतकी नाही, आणि आत जाणाऱ्या माणसांची संख्या आपोआप कमी राहते. बाईला मळ्यात ठराविक दिवशी बंदी, हा त्याच रीतीचा भाग मात्र मला कधी पटला नाही. तिच्याने बुरशी पसरत नाही.

आता मिरीकडे येऊ. मिरी आपली, म्हणजे सह्याद्रीची. ही मूळची जंगलातली वेल, ओल्या सावलीत मोठ्या झाडांच्या खोडावर चढणारी. जगात दुसरीकडे जी मिरी आहे ती इथूनच गेलेल्या वेलींची पोरं. रोमच्या लोकांना तिचं इतकं वेड होतं की ४०८ साली अलारिक नावाच्या गॉथ राजाने रोमला वेढा घातला, तेव्हा वेढा उठवायला मागितलेल्या खंडणीत सोनं, चांदी, रेशीम आणि ३,००० पौंड मिरी होती. सोन्याच्या यादीत मिरी! मलबारच्या कुठल्यातरी ओल्या घळीत कुणा माणसाने ती तोडून वाळवली असेल, त्याला रोम काय नि गॉथ काय.

वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला तो ह्याच मिरीसाठी. केरळात एक गोष्ट सांगतात. पोर्तुगीजांनी मिरीच्या वेली आपल्या देशात न्यायला मागितल्या, तेव्हा दरबारी लोक घाबरले. सामुतिरी राजाकडून उत्तर आलं की वेली खुशाल न्या, आमची तिरुवातिरा तुम्हाला नेता येणार नाही. तिरुवातिरा म्हणजे आपलं आर्द्रा नक्षत्र. गोष्ट घडली की रचली, ते सोडा. तिच्यात शेतीचं जे आहे ते पक्कं आहे. मिरीच्या तुऱ्यावर मधमाशीची फारशी सत्ता चालत नाही. आर्द्रातल्या संततधारेत पाणी तुऱ्यावरून ओघळतं आणि त्याबरोबर पराग खाली खाली जातो. पाऊस लागला नाही की तुरा येतो पण दाणा भरत नाही, मधे मधे दात पडल्यासारखा दिसतो. म्हणून मिरीला ओल नुसती मुळाशी असून भागत नाही, वरून सुद्धा लागते. तुमच्या तुकड्यावर छपराचं किंवा दाट फणसाचं छत असेल आणि पाऊस थेट पडत नसेल, तर वेल हिरवीगार वाढेल आणि मिरी देणार नाही. हे मी किमान चार वाड्यांत पाहिलं आहे.

पुढच्या शतकात कोकण-कारवारच्या सीमेखाली गेरसोप्प्याला चेन्नभैरादेवी नावाची राणी होती. पोर्तुगीज तिला मिरीची राणी म्हणत, कारण शरावतीच्या खोऱ्यातली मिरी तिच्या बंदरांतून जायची. आपल्या शाळेच्या पुस्तकात ती आल्याचं मला आठवत नाही. मुलांना सांगा.

पोर्तुगीजांनी नेलं तसं आणलंही. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेतला, तिथल्या लोकांच्या भाषेतलं त्याचं नाव जवळजवळ तसंच आपण बोलतो. सोळाव्या शतकात तो त्यांच्या जहाजांतून आपल्याकडे आला आणि गोव्याच्या कुळागरात पोफळीखाली असा बसला की आज कुणाला तो परका वाटत नाही. मात्र अननसाबद्दल एक ध्यानात ठेवा. त्याला पोफळीची सावली चालते, तुंबलेलं पाणी चालत नाही. उतारावर लावा.

गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य राहत होता. मुंबई बेटही त्याच्याकडे खंडाने होतं, तिथे त्याची बाग होती. त्याने १५६३ साली गोव्यात पुस्तक छापलं, आपल्याकडच्या औषधी झाडांबद्दल, सवाल-जबाबाच्या रूपात. त्यात मिरी, सुपारी, विड्याचं पान, जायफळ आहे आणि आपला रातांबाही आहे, ब्रिंदाव अशा नावाने. कोकमाच्या शास्त्रीय नावात गार्सिनिया आहे म्हणून बरेच जण समजतात की ते ह्या गार्सियावरून पडलं. तसं नाही. ते लॉरां गार्सां नावाच्या दुसऱ्याच माणसावरून ठेवलेलं आहे. आमच्या गार्सियाच्या वाट्याला वेगळंच आलं. तो मूळचा ज्यू घराण्यातला, म्हणून मेल्यानंतर १५८० साली इन्क्विझिशनवाल्यांनी त्याची हाडं उकरून जाळली.

आता जायफळ. ह्या झाडाचा इतिहास वाचला त्या रात्री मला झोप आली नाही.

इंडोनेशियात बांदा नावाची बेटं आहेत. आपल्या सावंतवाडीजवळचा बांदा नव्हे. ही समुद्रातली ज्वालामुखीची छोटी छोटी बेटं. एकेकाळी सगळ्या जगात जायफळ नि जायपत्री फक्त तिथून यायची. तिथले लोक जायफळ कसं लावत? वर केनारीची उंच झाडं, खाली जायफळ. केनारी आपल्या सह्याद्रीतल्या धुपाच्या झाडाची बहीण. ती वारा झेलते, सावली धरते, जमिनीची ओल टिकवते. म्हणजे आपल्या माड-पोफळीच्या आगरासारखाच दोन मजल्यांचा हिशोब, फक्त वरचं झाड वेगळं.

डच कंपनीला सगळं जायफळ आपल्या एकट्याच्या हातात हवं होतं. १६२१ साली यान पीटर्सझून कून नावाचा त्यांचा गव्हर्नर फौज घेऊन आला. बेटांवर सुमारे १५,००० माणसं होती असा अंदाज सांगतात. कत्तल, उपासमार, हद्दपारी, गुलामी ह्यातून हजारभरही शिल्लक राहिली नाहीत. नंतर कंपनीने झाडांखालची जमीन ६८ तुकड्यांत वाटली, आपली माणसं बसवली आणि कामाला गुलाम आणले. पण लावणीची पद्धत? ती बांदाच्या लोकांचीच ठेवली. केनारी वर, जायफळ खाली. ज्यांनी ती जोडणी शोधली त्यांना मारून जोडणी मात्र जपली.

जवळच रून नावाचं चिमुकलं बेट इंग्रजांच्या दाव्यात होतं. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात ते डचांकडे राहिलं आणि त्या बदल्यात अमेरिकेतलं मॅनहॅटन इंग्रजांकडे. आजचं न्यूयॉर्क जिथे आहे ते. एका ओल्या सावलीच्या बेटाची तेव्हा तेवढी किंमत होती.

मक्तेदारी कायम टिकत नसते. प्येर प्वाव्र नावाच्या फ्रेंच माणसाने १७७० च्या सुमारास लवंग-जायफळाची रोपं चोरून मॉरिशसला आणवली. पुढे इंग्रजांनी १७९६ साली बांदा घेतलं, तेव्हा रोपं पेनांगला, सिलोनला आणि इतर ठिकाणी गेली. ग्रेनाडा नावाच्या वेस्ट इंडीजमधल्या बेटावर १८४३ साली जायफळ पोचलं आणि ते तिथे असं रुजलं की आज त्यांच्या झेंड्यावर जायफळाचं चित्र आहे. ग्रेनाडाचं नाव लक्षात ठेवा, खाली परत लागेल.

जायफळ हे ओल्या सावलीचं झाड खरं, पण त्याला साचलेलं पाणी चालतं का? इथेच बरीच माणसं फसतात. जंगलात पाहिलं तर फसायला होतंच. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डेला जंगली जायफळाची राई आहे, पाण्यात उभी. सरकारने तिला २०२१ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. गोव्यात सत्तरी तालुक्यात बांबरला निरंकाराची राय आहे, तीही तशीच. तिथे गेलात तर दिसेल की झाडांची मुळं गुडघा मोडून बसल्यासारखी चिखलातून वर आलेली असतात. तीच त्यांची नाकं. मुळांना हवा मिळावी म्हणून झाडाने केलेली सोय. लोकांनी देवाच्या भीतीने ह्या राया राखल्या म्हणून आपल्याला त्या बघायला मिळतात. पण बाजारातलं जायफळ हे त्यांचं चुलत भावंड आहे, त्याला अशी गुडघ्याची मुळं नाहीत. त्याला ओल हवी, सावली हवी आणि पाणी मात्र वाहतं हवं. एकाच घराण्यातले दोघे, एकाला चिखल चालतो आणि दुसरा चिखलात मरतो. झाड निवडताना नुसतं कुळ बघून चालत नाही ते असं.

पाणी वाहतं ठेवण्याची विद्या बघायची तर शिरसी-सिद्धापूरकडे जावं. डोंगराच्या दोन सोंडांमधल्या अरुंद घळीत पोफळीची बाग, मधून चर, बाजूला वाफे. खाली वेलदोडा, मिरी, केळ. फ्रान्सिस ब्यूकॅनन हा कंपनीचा डॉक्टर १८००-०१ मध्ये म्हैसूर, कानडा, मलबार फिरला, त्याचं प्रवासवर्णन १८०७ साली छापलं गेलं. त्यात ह्या बागांची वर्णनं आहेत. बागेला लागून डोंगरउतारावर सोप्पिन बेट्टा म्हणून जंगल राखलेलं असतं. तिथला पाला गोठ्यात, गोठ्यातून बागेत. आपल्याकडे राबाला कवळ तोडतात तसाच प्रकार, फक्त तिथे भाताऐवजी बागेला. वेलदोडा पाहून आमच्या बऱ्याच लोकांना मोह होतो. तिकडची उंची आणि गारवा वेगळा. समुद्रकाठच्या वाडीत वेलदोड्याचं हिरवं पान भरपूर येतं, बोंड येत नाही. शोभेला लावायचा तर लावा.

ओल्या सावलीला एक शाप आहे, तो म्हणजे बुरशी. पोफळीवरचा कोळेरोग तुम्हाला माहीतच आहे. आषाढात संततधार लागली की कोवळी सुपारी सडून टपाटपा खाली येते. जुने लोक घोसांना गवताच्या किंवा विरीच्या टोप्या बांधत. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन नावाचा शास्त्रज्ञ होता, त्याने १९१० साली दाखवून दिलं की ही फायटोप्थोराच आहे, आणि बोर्डो मिश्रण मारायला शिकवलं. म्हणजे पानमळ्याची मर करणाऱ्या बुरशीच्याच कुळातली. बोर्डो मिश्रणाची जन्मकथाही मजेची. फ्रान्समध्ये बोर्डो भागात रस्त्याकडेची द्राक्षं लोक चोरून खायचे, म्हणून शेतकरी मोरचूद आणि चुना फासून ठेवायचे, वेल विषारी दिसावी म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की नेमक्या ह्याच वेलींवर केवडा येत नाही. १८८५ साली त्याने ते जगाला सांगितलं. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. एक टक्क्याचं मिश्रण, आजही तेच. ते आयतं बाटलीत मिळत नाही म्हणून नव्या पोरांना कंटाळा येतो. पावसाआधी एकदा आणि मधे उघडीप मिळाली की परत, एवढं केलं तरी घोस वाचतात. मिश्रण ताजंच वापरायचं, आणि मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवायचं नाही.

एका पिकाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही, ते म्हणजे व्हॅनिला. मेक्सिकोतली ऑर्किडची वेल, ओल्या सावलीत वाढणारी. मेक्सिकोबाहेर तिला शेंगच धरत नव्हती, कारण तिथली माशी बाहेर नव्हती. १८४१ साली रियुनियन बेटावर एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम पोराने काडीने आणि अंगठ्याने परागीकरण करून दाखवलं. जगातली बहुतेक सगळी व्हॅनिला आजही त्या पोराच्या हातोटीने होते. त्याला गुलामीतून सुटका मिळाली तेव्हा आल्बियस हे आडनाव मिळालं, पैसा मात्र मिळाला नाही, गरिबीतच मेला. २००३ च्या आसपास मादागास्करचं पीक गेल्यामुळे भाव आभाळाला भिडले, तेव्हा केरळ-कर्नाटकापासून आपल्याकडेही लोकांनी व्हॅनिला लावली. महागड्या काड्या विकत घेतल्या. वेल तीन वर्षांनी फुलावर आली तोवर भाव कोसळलेला. काड्या विकणारे मात्र कमावून गेले. आता परत मोबाईलवर कुठल्या ना कुठल्या वेलीची जाहिरात फिरत असते. विकणारा वेल विकतोय की वेलीचं फळ, एवढं बघा. नुसत्या वेली विकून त्याचं भागत असेल तर आपण थांबावं.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण म्हणजे आमच्या किनाऱ्यावरची सावलीच गेली होती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं. दुपारच्या काही तासांत पोफळी काडीसारख्या मोडल्या, माड मुळासकट आडवे. ज्यांनी फोटो पाहिले त्यांना पडलेली झाडं दिसली. आम्हाला पुढच्या उन्हाळ्यात दुसरं दिसलं. वादळात वाचलेली जायफळं उन्हाने करपली. आयुष्यभर सावलीत राहिलेलं पान एकदम भर उन्हात आलं की तांबूस होतं, मग शेंडा वाळतो. मिरवेल तर आधारच पडल्यावर जमिनीवर आली. पंचनाम्याला माणूस आला त्याने माड मोजले, पोफळी मोजल्या. खालचं काय गेलं हे त्याच्या कागदात नव्हतं. भरपाई आधी हेक्टरच्या हिशोबाने जाहीर झाली, आमच्या वाड्या गुंठ्यांत. ते रडगाणं पुरे.

ग्रेनाडाचं नाव म्हणून लक्षात ठेवा म्हटलं होतं. तिथे सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन वादळाने बहुतेक जायफळाची झाडं पाडली. जायफळ फळावर यायला सहा-सात वर्षं, भरात यायला त्याहून जास्त. बऱ्याच शेतकऱ्यांनी परत लावलंच नाही. आपल्याकडेही हीच वेळ आहे. पडलेल्या वाड्यांच्या जागी काहींनी पर्यटकांच्या खोल्या बांधल्या, काहींनी प्लॉट पाडले. त्यांना मी नावं ठेवत नाही, घर चालवायचं असतं. पण वाडी ठेवायची ठरवलं असेल तर क्रम पानमळेवाल्यांचा धरावा लागेल. आधी सावली. पहिल्या वर्षी केळ आणि पांगारा दाट, त्यांच्या आडोशाला पोफळीची रोपं, कारण कोवळ्या पोफळीलाही पश्चिमेचं ऊन भाजतं. पोफळ डोक्यावर गेली की मग जायफळ. ज्यांनी घाईने पहिल्याच वर्षी उघड्यावर जायफळाची कलमं लावली त्यांची शेडनेट फाटली तशी कलमंही गेली.

सुदैवाने आज आपल्याकडे जी माहिती आहे ती आजोबांकडे नव्हती. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने लाखी बाग म्हणून पद्धत बसवली आहे. माडाच्या चौकात जायफळ, मधल्या जागेत दालचिनी, माडावर मिरी, सोबत केळ-अननस. जायफळात कोकण सुगंधा, कोकण स्वाद ह्या जाती, दालचिनीत कोकण तेज. माझ्या मते विद्यापीठाचं सगळ्यात मोठं काम म्हणजे जायफळाचं कलम. जायफळात नर झाड वेगळं, मादी वेगळी. बियांची रोपं लावली की साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. आजोबांच्या पिढीने सात वर्षं पाणी घालून नर तोडले. कलमात मादी पक्की मिळते. दहा माद्यांना एक नर पुरतो.

मिरीत पन्नियूर-१ सगळीकडे मिळते. केरळातल्या पन्नियूर केंद्राने काढलेला हा जगातला पहिला संकरित मिरीचा वाण, उत्पादन जबरदस्त. पण ती गडद सावलीत खूश नसते, तिला थोडा उजेड लागतो. दाट वाडीत करिमुंडा ही जुनी जात किंवा पन्नियूर-२ बरी. रोपवाटिकेत हे कुणी आपणहून सांगत नाही, पिशवीवर फक्त मिरी लिहिलेलं असतं. विचारून घ्या.

तर तुमच्या तुकड्यावर जाऊन आधी दोन गोष्टी बघा. दुपारी बारा वाजता जमिनीवर उन्हाचे कवडसे हलताना दिसतात का? दिसत असतील तर ती पोफळीसारखी हलती सावली, तिथे मिरी, जायफळ, दालचिनी, अननस, आलं-हळद सगळं चालतं. एकही कवडसा नाही, आंब्या-फणसाची गडद सावली आहे, तर मसाल्याचा नाद सोडा, अळू, सुरण, करांदे लावा. भर पावसात हातभर खड्डा खणून ठेवा. उघडीप पडल्यावर दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी उभं असेल तर मिरीची मर आणि आल्याची कंदकूज ठरलेली. अशा जागी अळू, वेखंड, सोनटक्का, नाहीतर चर खणून पाणी काढा आणि मग पुढचं बोला. आमच्या विहिरीमागे चर निघण्यासारखा नाही, म्हणून तिथे काळं अळू आणि वेखंड. अळवाचं फदफदं घरात होतं, उरलेलं बाजारात जातं.

आर्द्रा २२ जूनच्या आसपास लागते. मिरीची मुळं फुटलेली छाटं तेव्हा लावायची. पोफळीच्या उत्तर बाजूला, बुंध्यापासून हातभर लांब, म्हणजे दक्षिणेचं ऊन खोड अडवतं. खड्ड्यात शेणखताबरोबर ट्रायकोडर्मा घाला. वेल वर जाईपर्यंत दर आठ दिवसांनी सुंभाने सैल बांधत राहा, प्लॅस्टिकची दोरी नको, ती वेलीत रुतते. आणि जायफळाचं नर झाड कुणाच्या वाडीत असेल तर ते तोडण्याआधी शेजारच्या वाडीत माद्या किती आहेत ते विचारा, परागाला कुंपण नसतं.